मुन्शी घाटाच्या मापाची सायकल

नागपूरकर भोसल्यांचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी १८१२ मध्ये काशीला गंगेकाठी एक घाट आणि त्यावर वाडा बांधला. नागपुरात तेव्हा दुसरे रघूजी भोसले गादीवर होते. मुन्शी गेले, पण घाटाला त्यांचे नाव कायमचे लागले. पुढे १९१५ मध्ये दरभंग्याच्या महाराजांनी ही वास्तू विकत घेतली. घाटाचा एक भाग दरभंगा घाट झाला, दुसरा मुन्शी घाटच राहिला. उत्तरेला त्याला खेटून अहिल्याबाई घाट आहे, त्यापुढे शीतला आणि दशाश्वमेध. मराठी माणसाला अगदी घरचा वाटावा असा हा नदीकाठ. महालात वर-खाली करण्यासाठी महाराजांनी हाताने चालवायची लिफ्ट बसवून घेतली होती. आज तिथे हॉटेल आहे आणि पाहुण्यांना होडीतून आणले जाते, कारण दारापर्यंत गाडी पोचतच नाही.

विजेच्या सायकलीचे प्रकरण घाटापासून सुरू करण्याचे कारण हेच, की गाडी जिथे पोचत नाही तिथे राहणाऱ्या माणसानेही रोज कामाला जायचे असते. घाटामागून बंगाली टोल्याची गल्ली जाते. ती ओलांडून मदनपुऱ्याच्या रस्त्याला लागले की उजवीकडे गोदौलिया आणि डावीकडे सोनारपुरा, पुढे लंका आणि बनारस हिंदू विद्यापीठ. विद्यापीठाचे सिंहद्वार इथून चारेक किलोमीटरवर आहे, कॅन्ट स्टेशन पाचेक आणि सारनाथ दहाच्या आसपास. रस्ता जवळजवळ सपाट. चढ आहे तो फक्त नदीकडून गावाकडे, आणि तोही पायऱ्यांचा.

अशा ठिकाणी राहणाऱ्या, लंकेवरच्या रुग्णालयात किंवा विद्यापीठात नोकरी करणाऱ्या कुणी स्वतःपुरती विजेची सायकल बनवायची ठरवली, तर ती कशी असावी? बाजारात गेल्यावर पहिले दोन प्रश्न विचारले जातात ते वेगाचे आणि एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर जाते याचे. मुन्शी घाटाच्या रहिवाशाला या दोन्हींचा फारसा उपयोग नाही. गोदौलियाच्या गर्दीत कुणालाच वेगाने जाता येत नाही, आणि जाऊन-येऊन आठ किलोमीटरच जायचे असेल तर शंभर किलोमीटरची बॅटरी म्हणजे रोज वाहायचे ओझे. त्याने विचारायचा प्रश्न तिसराच आहे: सायकलीचे वजन किती?

आधी ताकदीचा हिशेब पाहू. माणूस, सायकल आणि खांद्यावरची पिशवी मिळून शंभर किलो धरू. सपाट रस्त्यावर सरळ बसून ताशी २० किलोमीटरने जायला साधारण १०५ वॅट लागतात. त्यांतले चाळीसेक टायर आणि रस्त्याच्या घर्षणात जातात, उरलेले हवा कापण्यात. वेग २५ वर नेला की आकडा १७५ च्या घरात जातो. ताशी ४० ला मात्र जवळजवळ ५८० वॅट हवेत. घर्षणासाठी लागणारी ताकद वेगाच्या प्रमाणात वाढते, पण हवेसाठी लागणारी वेगाच्या घनाच्या प्रमाणात. म्हणजे २० चा वेग दुप्पट केला की ताकद पाचपटीहून जास्त लागते. सराव नसलेला सायकलस्वार ७०–८० वॅट घाम न येता तासभर देऊ शकतो. उरलेली शे-पाऊणशे वॅटची भर मोटरने घातली की माणूस इस्त्रीच्या शर्टात कार्यालयात पोचतो. नोकरीच्या सायकलीला मोटर हवी ती एवढ्यासाठी.

ब्रेकचाही हिशेब याच्याशी जोडलेला आहे. शंभर किलोचे हे गाठोडे ताशी २५ ऐवजी ४० ने धावत असेल, तर थांबवताना ब्रेकना अडीचपट ऊर्जा जिरवावी लागते. समोर बैल ठाण मांडून बसलेला असतो तेव्हा हा फरक कागदावर राहत नाही.

आपला कायदाही नेमका याच टप्प्यावर रेघ ओढतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार मोटरची तीस मिनिटांची ताकद पाव किलोवॅटपेक्षा कमी असेल, वेग २५ किलोमीटरच्या आत असेल आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोंपेक्षा जास्त नसेल, तर अशी सायकल मोटार वाहन ठरत नाही. मग नोंदणी नाही, परवाना नाही, विमा नाही. पायडल मारणाऱ्याला मदत करणाऱ्या सायकलीच्या बाबतीत नियम आणखी काटेकोर आहे: वेग २५ कडे जाऊ लागला की मोटरची मदत कमी कमी होत बंद पडली पाहिजे, आणि पाय थांबले तर त्याआधीच. अशा मॉडेलांची तपासणी ठरावीक संस्था करतात. पुण्याची एआरएआय ही त्यांपैकी एक. दुकानात ५०० किंवा ७५० वॅटचे संच सहज मिळतात आणि ‘काही होत नाही हो’ असे सांगून विकलेही जातात. पण ती मोटर बसवली की सायकल कायद्याच्या दृष्टीने मोटरसायकल होते, आणि अपघात झाला की ‘काही होत नाही’ म्हणणारा साक्षीला येत नाही.

म्हणून आपल्या सायकलीला अडीचशे वॅटच्या आतली मोटर. त्यावर वाद नको.

आता बॅटरी. शहरात थांबत-निघत जाणारी, पायडलची साथ असलेली सायकल किलोमीटरला साधारण ८ ते १५ वॅट-तास खाते. दहा धरले तर विद्यापीठाची फेरी ८० वॅट-तासांत होते. अडीचशे वॅट-तासांची बॅटरी म्हणजे तीन दिवसांची बेगमी. पूर्ण भरायला चार्जरची गळती धरून सुमारे ०.३ युनिट वीज लागते, म्हणजे दोन-अडीच रुपये. चहा त्याहून महाग पडतो.

एवढीच ऊर्जा शिशाच्या बॅटरीत साठवायची तर वजन बारा किलोंच्या आसपास जाते. लिथियममध्ये काम दीड ते अडीच किलोंत भागते. पहिली लिथियम-आयन बॅटरी सोनी कंपनीने १९९१ मध्ये बाजारात आणली आणि त्यामागच्या संशोधनाला २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, पण मुन्शी घाटामागच्या जिन्यावर या सगळ्या शास्त्राचा अर्थ हे दहा किलो एवढाच आहे. गंमत अशी, की वीस किलोची सायकल दहा मीटर उंच न्यायला जी ऊर्जा लागते ती अर्ध्या वॅट-तासाइतकी, म्हणजे बॅटरीच्या पाचशेव्या हिश्शाएवढी. पण पायरीवर चाक फिरून उपयोग नाही, त्यामुळे तो पाचशेवा हिस्सा खांद्यानेच द्यावा लागतो. पायऱ्यांच्या कडेला फळीचा उतार असेल तर मात्र ‘वॉक मोड’ नावाची सोय कामी येते. बटण दाबून धरले की मोटर चालण्याच्या गतीने सायकल ओढते आणि माणूस नुसता हँडल धरून शेजारून चालतो. कंट्रोलर घेताना ही सोय आहे का, ते विचारून घ्यावे. दुकानदार स्वतःहून सांगत नाहीत.

मोटर चाकात घालावी की पायडलपाशी, हा वाद विजेच्या सायकलीच्या जन्माइतका जुना आहे. अमेरिकेतल्या ऑग्डेन बोल्टन यांनी ३१ डिसेंबर १८९५ रोजी पेटंट मिळवले ते मागच्या चाकाच्या तुंब्यात बसवलेल्या मोटरचे. बॅटरी दहा व्होल्टची, सायकलीच्या त्रिकोणात टांगलेली. मोटर शंभर अँपिअरपर्यंत प्रवाह ओढू शकेल अशी. मांडणी आजच्या स्वस्त संचासारखीच, फक्त बॅटरी आणि नियंत्रण त्या काळाच्या आवाक्याबाहेरचे. दोनच वर्षांनी होझिया लिबी यांच्या पेटंटात मोटरी पायडलच्या आसापाशी आल्या. म्हणजे आज दुकानात ‘हब’ आणि ‘मिड-ड्राइव्ह’ म्हणून जे दोन पर्याय मांडले जातात, ते दोन्ही १८९७ पर्यंत कागदावर होते.

पायडलपाशी मोटर असली की तिचे बळ सायकलीच्या गिअरमधून जाते, म्हणून ती चढाला वाघ असते. शंभर किलोचे ओझे पाच टक्क्यांच्या चढावर ताशी १५ ने न्यायला साधारण २६० वॅट लागतात. पुण्यात चांदणी चौकाचा चढ रोज चढणाऱ्याने हीच मोटर घ्यावी. पण ती महाग असते, चेन आणि दातेरी चक्र लवकर झिजवते, आणि बिघडली तर गल्लीतला मिस्त्री तिला हात लावत नाही. सपाट बनारसला तिची गरज नाही. चाकातली मोटर इथे पुरते, आणि तीही गिअरची. तिच्या पोटात बारीक दात्यांची चक्रे असतात. ती मोटरचा जलद वेग कमी करून जोर वाढवतात. वजन दोन-अडीच किलो. आतला एकदिशा क्लच पायडल मारताना मोटर सोडून देतो, त्यामुळे बॅटरी संपली तरी सायकल जड जात नाही. दुसरा प्रकार बिनगिअरचा. तो टिकाऊ असतो आणि आवाज करत नाही, पण वजन दुप्पट किंवा त्याहून जास्त.

ब्रेक मारताना किंवा उतारावर बॅटरी आपोआप भरते, अशी जाहिरात ज्यांनी वाचली असेल त्यांच्यासाठी इथेच सांगितलेले बरे: गिअरच्या मोटरीत त्या क्लचमुळे हे होत नाही. बिनगिअरच्या मोटरीत होते, पण सपाट शहरात त्याने पदरात पडते ते किरकोळ. पायडल मारून बॅटरी भरण्याचे दावे तर बोटांवर तपासता येतात. चांगला धट्टाकट्टा माणूस शंभर वॅटने वीस मिनिटे पायडल मारील तर ३३ वॅट-तास तयार होतील, तेही काहीच वाया गेले नाही असे मानून. तेवढी मेहनत करायचीच तर ती थेट चाकाला द्यावी. वाटेत वीज बनवून पुन्हा तिचे बळ करण्यात फक्त घट होते.

मोटरला केव्हा जोर लावायचा हे सांगणारा भाग छोटा असतो आणि बनारसच्या गल्लीत त्याचेच महत्त्व सर्वांत जास्त आहे. स्वस्त संचात पायडलच्या आसावर चुंबकांची एक चकती असते. पाय फिरले की चुंबक सेन्सरसमोरून जातात आणि मोटर सुरू होते. पाय जोरात फिरले की हळू, हे तिला कळत नाही. फिरले एवढेच कळते. मोकळ्या रस्त्यावर हे चालते. दोन माणसे जेमतेम शेजारून जातील अशा गल्लीत, समोरून अंत्ययात्रा येत असताना, तोल सावरायला अर्धे पायडल मारावे आणि मागून मोटरने धक्का द्यावा, हे धोक्याचे आहे. उपाय आहे तो यामाहाने १९९३ मध्ये जपानात आणलेल्या ‘पास’ सायकलीचा. पायडलवर किती जोर पडतो ते मोजायचे आणि त्या प्रमाणात मोटरची भर घालायची. माणूस जेवढे बळ देईल जास्तीत जास्त तेवढेच मोटरने द्यायचे, आणि ठरावीक वेगानंतर तेही घटवत न्यायचे, अशी तिची आखणी होती. असा टॉर्क सेन्सर आता सुट्या भागांतही मिळतो. बजेटात काटछाट करायचीच असेल तर ती डिस्प्लेत करावी, रंगात करावी, या सेन्सरमध्ये करू नये. तो परवडतच नसेल तर निदान दोन्ही ब्रेकना मोटर तोडणारे स्विच हवेत आणि गल्लीत मदतीची सर्वांत खालची पायरी ठेवावी.

सायकलीचा सांगाडा निवडण्याआधी मुन्शी घाट सोडून थोडे फलटणला जाऊ. बनबिहारी निंबकरांनी १९६८ मध्ये स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत, म्हणजे ‘नारी’त, अनिल राजवंशी हे अभियंते १९८१ मध्ये अमेरिकेतून येऊन दाखल झाले. मूळचे लखनौचे, शिक्षण कानपूर आयआयटी आणि फ्लोरिडा विद्यापीठात. उत्तर प्रदेशातल्या रस्त्यांवरची सायकल रिक्षा त्यांनी लहानपणापासून पाहिलेली. १९९० च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी सातारा जिल्ह्यातल्या या गावात रिक्षेला वीज जोडण्याचे काम हाती घेतले. भारतात ई-रिक्षा हा शब्दही तेव्हा रुळला नव्हता.

त्यांच्या कामात शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे त्यांनी मोटरपासून सुरुवात केली नाही. आधी त्यांनी रिक्षाच तपासली. तिला गिअर नव्हते, ब्रेक फक्त पुढच्या चाकाला, चेन लांबलचक, गुरुत्वमध्य उंच असल्यामुळे वळणावर कलंडण्याची भीती, आणि टपाला वारा अडायचा तो वेगळाच. मग सुधारलेली पायडल रिक्षा आली. तिला गिअर होते, मागच्या चाकांना ब्रेक होता, आणि हवेचा अडथळा कमी करणारी बांधणी होती. त्यानंतर पायडलला मोटरची जोड देणारी रिक्षा, आणि मग पूर्ण विजेवरची ‘इलेक्शा’. २००२ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये त्यांनी या सगळ्याची मांडणी केली. राजवंशींना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

रस्त्यावर मात्र भलत्याच रिक्षा आल्या. २०१० नंतर उत्तरेकडच्या शहरांत ई-रिक्षांचा पूर आला. त्या बहुतेक आयात सुट्या भागांवर जोडलेल्या होत्या आणि त्यांना धड नियम नव्हता. ३१ जुलै २०१४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने राजधानीत त्यांच्यावर बंदी घातली, आणि २०१५ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती करून त्यांना जागा करून द्यावी लागली. आज गोदौलियाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर ई-रिक्षांच्या रांगाच दिसतात. फलटणच्या क्रमाने, म्हणजे आधी सांगाडा, मग ब्रेक, मग वीज, असे काम झाले असते तर प्रवाशांचे हाल कमी झाले असते, असे म्हणायला जागा आहे.

जुन्या सांगाड्यात नवे बळ घालण्याचा याहून भव्य प्रयोग तर काशीतच झाला. शहराच्या पश्चिमेला रेल्वे इंजिनांचा कारखाना आहे. पूर्वीचे डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्स, २०२० पासून बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स. २६०० अश्वशक्तीची दोन जुनी डिझेल इंजिने घेऊन या कारखान्याने ६९ दिवसांत त्यांचे दहा हजार अश्वशक्तीचे जोड विद्युत इंजिन केले. १९ फेब्रुवारी २०१९ रोजी पंतप्रधानांनी वाराणसीत त्याला हिरवा झेंडा दाखवला. पण रेल्वे इंजिनाला वजन हवेच असते. जडपणा नसेल तर रुळावर चाके नुसती घसरतील. सायकलीचे गणित नेमके उलटे. तिथे वाढलेला प्रत्येक किलो निघताना, थांबताना आणि उचलताना मोजून द्यावा लागतो.

म्हणून जुनी काळी दांडीची सायकल घेऊन तिलाच मोटर लावण्याचा मोह आवरलेला बरा. मोह होणे साहजिक आहे. ती मजबूत असते, हँडल अरुंद असते, साखळीला झाकण असते, आणि मोठ्या चाकांमुळे दगडी फरसबंदीवर हाडे खिळखिळी होत नाहीत. पण तिचे वजन वीस-बावीस किलो. ब्रेक सळईचे, जे रिमच्या आतल्या बाजूला घासतात आणि पावसात जवळजवळ रजेवर जातात. तिच्या रिमला चपट्या बाजू नसल्याने तिथे दुसऱ्या जातीचा चिमट्याचा ब्रेक बसवणेही अवघड. आणि शेवटचा अडथळा असा, की तो संच विकत घेतल्यावरच कळतो: या सायकलीच्या पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० स्पोक असतात, तर चाकातल्या मोटरीला बहुतेक वेळा ३६ भोके. म्हणजे रिम बदलणे आले, आणि २८ इंची जुन्या मापाचे ३६ भोकांचे रिम शोधता शोधता पायांत गोळे येतात.

त्यापेक्षा २६ इंची चाकांची, चांगल्या व्ही-ब्रेकची किंवा डिस्क ब्रेकची, चौदा-पंधरा किलोंची साधी शहरी सायकल घ्यावी. जुनी असली तरी चालेल. तिच्या रिमला ३६ भोके आहेत का ते आधी मोजावे. चाक लहान असले की त्याच मोटरचा जोर रस्त्यावर जास्त पोचतो, हा वरचा फायदा. टायर पावणेदोन ते दोन इंच रुंदीचे, म्हणजे दगडांच्या फटींत अडकत नाहीत. हँडल मात्र डोंगरी सायकलींचे रुंद असते तसे ठेवू नये. गल्लीत बैलाच्या शिंगांशी त्याची स्पर्धा होते. ते साठ सेंटिमीटरच्या आत असावे.

मोटर पुढच्या चाकात बसवणे सोपे. मागचे गिअर तसेच राहतात आणि दुपारभरात काम होते. पण पूर ओसरल्यावर घाटांवर आणि खालच्या गल्ल्यांत गाळ साचतो, आणि ओल्या गाळावर पुढचे चाक स्वतःच्या जोराने फिरू लागले की माणूस आडवा झालाच म्हणून समजा. मागचे चाक घसरले तर निदान सावरता येते. मोटर मागेच बसवावी.

मोटरच्या तुंब्याची वर्तुळे मोठी असल्याने स्पोक आखूड लागतात. ते मापाने कापून घ्यावे लागतात आणि नेहमीसारखे तीनदा न ओलांडता एकदाच ओलांडून विणतात. हे काम नेहमीच्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावे. आऊट काढण्यात त्याचा हात धरणारा इंटरनेटवर सापडत नाही. आस फिरू नये म्हणून टॉर्क आर्म नावाची पोलादी पट्टी लावायची असते. साध्या चाकाचा आस स्थिर असतो, मोटरचा मात्र चाकाच्या उलट दिशेने फिरायला बघतो. पट्टी नसेल तर तो चौकटीची खाच रुंदावतो, तारा पिळून तोडतो, आणि चौकट ॲल्युमिनियमची असेल तर खाचच फुटते. संचातला सर्वांत स्वस्त भाग हाच, आणि लोक नेमका तोच लावत नाहीत.

आता पुन्हा बॅटरीकडे, कारण वजनानंतर घाटाचा दुसरा प्रश्न आगीचा आहे. मार्च २०२२ मध्ये पुण्यात भर रस्त्याच्या कडेला विजेची स्कूटर पेटल्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली. त्या वर्षी अशा घटना लागोपाठ घडल्या आणि केंद्राने बॅटरीच्या चाचण्यांचे ‘एआयएस-१५६’ हे मानक कडक केले. पण ते मोटार वाहन म्हणून गणल्या जाणाऱ्या गाड्यांसाठी आहे. सायकलीला परवाना लागत नाही, तशी ही कसोटीही लागत नाही. न्यूयॉर्कमध्ये २०२३ या एका वर्षात लिथियम बॅटरीच्या आगींत १८ माणसे मेली. डिलिव्हरीवाल्यांच्या विजेच्या सायकली आणि घरात रात्रभर लावलेले चार्जर हे तिथले मोठे कारण. त्या शहरात आगीचा बंब दारात येतो. बंगाली टोल्यात तो गल्लीच्या तोंडाशीच थांबेल.

सायकलींच्या बॅटरीत सर्रास वापरला जातो तो १८६५० नावाचा सेल: १८ मिलिमीटर जाडीचा, ६५ मिलिमीटर उंच, ३.६ व्होल्टचा. दहा सेल ओळीने जोडले की ३६ व्होल्ट. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले असे सेल बाजारात ढिगाने मिळतात आणि हौशी मंडळी त्यांच्या बॅटऱ्या घरी बनवतात. वेगवेगळ्या वयाचे सेल एका माळेत घातले की कमजोर सेल आधी भरतो, आधी रिकामा होतो आणि सगळा ताण झेलतो. नियंत्रण करणारे बीएमएस चांगले असेल तर ते प्रवाह तोडते, नसेल तर सेल तापत जातो. गल्लीत राहणाऱ्याने हा खेळ करू नये.

त्याने लिथियम-आयर्न-फॉस्फेटची बॅटरी घ्यावी. तिचा सेल ३.२ व्होल्टचा. तो पेट घेण्याच्या टोकाला जायला बराच जास्त तापावा लागतो, आणि भरण्या-रिकामे होण्याची आवर्तने दुपटीहून जास्त सोसतो. वजनात थोडे नुकसान आहे. ३२ मिलिमीटर जाडीचे सहा अँपिअर-तासांचे बारा सेल ओळीने जोडले की ३८.४ व्होल्ट आणि २३० वॅट-तास मिळतात. नुसत्या सेलांचे वजन पावणेदोन किलोंच्या आसपास, पेटीसकट अडीच. नेहमीच्या लिथियमपेक्षा हे सुमारे किलोभर जास्त आहे. या संपूर्ण सायकलीत जाणूनबुजून वाढवावा असा हा एकच किलो. चार्जर मात्र तिचाच हवा. दहा सेलांच्या ३६ व्होल्टच्या बॅटरीचा चार्जर ४२ व्होल्टचा असतो, हिचा ४३.८ चा. दोघांची पिन सारखीच दिसू शकते, म्हणून घरात दोन्ही असतील तर त्यांवर रंगाने खूण करावी. बॅटरी किल्लीने सुटणारी असावी, म्हणजे सायकल खाली अंगणात आणि बॅटरी वर घरात. चार्जिंगला लावताना जिन्याच्या किंवा दाराच्या वाटेवर ठेवू नये, कारण पळायची वाट तीच. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांतून आल्यावर लगेच चार्जरही लावू नये. तासभर थंड होऊ द्यावी.

राहिले पाणी. वाराणसीला गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे. १९७८ च्या पुरात नदी ७३.९०१ मीटरपर्यंत चढली होती. पाणी चढत असेल तेव्हा सायकल वरच्या मजल्यावर न्यावी लागते, आणि तिथे वजनाचा हिशेब पुन्हा समोर येतो. रोजच्या पावसासाठी साध्या गोष्टी पुरतात. कंट्रोलर उभ्या पेटीत असावा आणि तारा खालच्या बाजूने आत शिराव्यात. मोटरची तार आसापाशी आत जाते, तिथे तिला आधी खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तारेवरून ओघळून थेट आत न जाता झोळाच्या तळाशी गळून पडते. जोडण्या गोल, रबरी कडीच्या. आणि गाळ उडाला म्हणून दाबाच्या पाण्याने धुणे बंद. ओल्या फडक्याने पुसावे.

बेरीज करू. सायकल चौदा-पंधरा किलो, मोटर अडीच, बॅटरी अडीच, तारा-कंट्रोलर-सेन्सर मिळून पाऊण. मोटर आली की जुना तुंबा निघतो, तेवढे वजन वजा. भरलेली सायकल वीस किलोंच्या आसपास, बॅटरी काढल्यावर साडेसतरा. मदतीसह वेग २५ च्या आत, पल्ला वीस-पंचवीस किलोमीटर. म्हणजे विद्यापीठाला दोन दिवस सहज, सारनाथला जाऊन परत येता येईल. जाहिरातीत या आकड्यांकडे कुणी ढुंकून पाहणार नाही, पण मुन्शी घाटामागच्या गल्लीत राहणाऱ्याने हीच सायकल बनवावी. दुसऱ्या गावच्या वाचकाने यातले आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. मोटर मागवण्याआधी त्याने आपली सायकल वजनकाट्यावर ठेवावी, रोजच्या वाटेचे चढ पाहावेत, आणि घराच्या दारापासून रस्त्यापर्यंत किती पायऱ्या आहेत त्या मोजाव्यात.